कॅमेऱ्याचा ऑटोफोकस : दोष कोठे आणि उपाय कोणता

शासकीय कार्यालये, ग्रामपंचायती आणि विद्यालये यांच्या कामकाजात छायाचित्राला आता केवळ शोभेचे स्थान राहिलेले नाही. पुरात खचलेली घराची भिंत, पूर्ण झालेला बंधारा, विज्ञान प्रदर्शनात मुलांनी मांडलेली उपकरणे, एखाद्या घराण्यात जपून ठेवलेला जीर्ण मोडी कागद, या सर्वांची नोंद आज छायाचित्राने होते आणि पुष्कळदा त्या नोंदीवरच पुढील निर्णय अवलंबून असतो. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्या लढ्यात विशीच्या वयात उतरलेली माणसे आज ऐंशीच्या पलीकडे गेली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याचा गावच्या शाळेत सत्कार व्हावा, आणि त्या प्रसंगाच्या छायाचित्रात मागच्या फळ्यावरील अक्षरे स्वच्छ व सत्कारमूर्तीचा चेहरा मात्र धूसर उतरावा, असे घडले तर तो प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. भिंतीची दुरुस्ती झाल्यावर खचलेल्या भिंतीचे छायाचित्रही पुन्हा घेता येत नाही.

अशा वेळी दोष बहुधा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. ऑटोफोकस बिघडला असा शेरा मारून कॅमेरा दुरुस्तीस रवाना होतो, काही आठवडे कपाटाबाहेर राहतो आणि कोणताही दोष आढळला नाही अशा चिठ्ठीसह परत येतो. पुढच्याच कार्यक्रमात पूर्वीचा प्रकार पुन्हा घडतो. याचे कारण असे की, बहुसंख्य प्रसंगी यंत्र शाबूत असते. जे त्याला दिसू शकत नाही ते पाहण्याचे काम त्यास सांगितलेले असते, किंवा आधी हाताळणाऱ्या व्यक्तीने दिलेली आज्ञा ते निमूटपणे पाळीत असते. खरा बिघाड कोणता आणि मानलेला बिघाड कोणता, हे ओळखण्याची रीत अवघड नाही. भिंगे बदलता येणारे जे डिजिटल कॅमेरे कार्यालयांत व शाळांत आढळतात, विशेषतः आत आरसा असलेले डीएसएलआर या नावाने ओळखले जाणारे कॅमेरे, त्यांच्या संदर्भात या रीतीचा येथे परिचय करून देण्यात येत आहे.

यंत्र पाहते कसे

कॅमेऱ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर पूर्णपणे स्पष्ट प्रतिमा पाडते. त्या अंतराच्या थोडे अलीकडचे व थोडे पलीकडचे चालण्याजोगे स्पष्ट दिसते, बाकीचे विरघळत जाते. हवे ते अंतर साधण्यासाठी भिंगाचा काही भाग पुढेमागे सरकवावा लागतो, यालाच फोकस करणे म्हणतात. पूर्वी हे काम छायाचित्रकाराची बोटे करीत. ते यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यशस्वी झाले. १९७७ साली कोनिका कंपनीने सर्वसामान्य ग्राहकासाठी स्वयंचलित फोकसचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या पुढच्याच वर्षी पोलरॉइडने वटवाघळाप्रमाणे ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा कॅमेरा काढला. युक्ती नामी होती, परंतु खिडकीच्या काचेतून छायाचित्र घ्यायला जावे तर ध्वनी काचेवरच आपटून परत येई आणि फोकस काचेवर बसे. १९८५ च्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ही सोय भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत खऱ्या अर्थाने रुळविली. त्यातील तत्त्वावर हनीवेल या अमेरिकन कंपनीने हक्क सांगितला, खटला उभा राहिला आणि १९९२ साली मिनोल्टाला सुमारे पावणेतेरा कोटी डॉलर मोजून तो मिटवावा लागला. बोटांचे एक साधे काम यंत्राकडून करवून घेण्याला केवढे मोल होते, याची त्यावरून कल्पना येईल.

आजचे कॅमेरे मुख्यतः दोन प्रकारांनी फोकस साधतात. पहिला प्रकार समजण्यासाठी एक बोट नाकासमोर धरून आधी डावा व मग उजवा डोळा मिटावा. बोट मागील भिंतीच्या संदर्भात इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसते, आणि बोट जितके जवळ तितके ते अधिक सरकते. डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगाच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश असाच वेगळा काढून त्याच्या दोन प्रतिमा पाडल्या जातात. त्या दोहोंतील अंतरावरून भिंग कोणत्या दिशेने व किती सरकवावे याचा हिशेब यंत्र एका क्षणात करते. हे काम आरशाच्या खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसविलेला एक स्वतंत्र संवेदक करतो. ज्यावर छायाचित्र उमटते तो संवेदक निराळा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दुसऱ्या प्रकारात यंत्र चष्मा विसरलेल्या वृद्ध गृहस्थाप्रमाणे वागते. वर्तमानपत्र जवळ आणावे, दूर न्यावे, अक्षर स्पष्ट झाले असे वाटले तरी खात्रीसाठी थोडे पुढे नेऊन पाहावे आणि मग मागे येऊन थांबावे, तसे भिंग पुढेमागे सरकवीत जेथे कडा सर्वांत ठळक होतात तेथे ते थांबते. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर दृश्य पाहून, म्हणजे लाइव्ह व्ह्यू पद्धतीने, छायाचित्र घेताना बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत हीच रीत चालते. ती संथ आहे, परंतु प्रत्यक्ष छायाचित्राच्या संवेदकावरच ती चालत असल्याने तिचा निर्णय भरवशाचा असतो.

दोन्ही रीतींना एकच वस्तू अत्यावश्यक आहे, ती म्हणजे कड. उजेड व काळोख, किंवा एक रंग व दुसरा रंग, यांना विभागणारी रेषा. यंत्राला माणूस, मूर्ती, झाड असे काही समजत नाही. अलीकडच्या कॅमेऱ्यांना चेहरा व डोळे ओळखण्याचे शिक्षण दिलेले असते हे खरे, तथापि ओळखलेल्या डोळ्यावर फोकस साधण्यासाठी त्यांनाही पापणीची कड लागतेच. चुन्याने रंगविलेली कोरी भिंत, धुक्याने भरलेला चोर्ला घाट, इस्त्री केलेला पांढरा सदरा, एकरंगी आकाश यांवर यंत्र रोखले की भिंग घरघरत या टोकाकडून त्या टोकाकडे जाते, पुन्हा येते आणि शेवटी हार मानते. हा बिघाड नव्हे. सदऱ्याच्या गुंडीवर, भिंतीच्या कोपऱ्यावर किंवा डोंगराच्या माथ्यावर यंत्र रोखताच फोकस बसतो.

अस्पष्टतेचे तीन प्रकार

तक्रार हाती आली की प्रथम कॅमेऱ्याला हात न लावता ते अस्पष्ट छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहावे. कारण सर्वच अस्पष्टता फोकसची नसते, आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो.

छायाचित्रातील सर्व वस्तू एकाच दिशेने ओघळल्यासारख्या दिसत असतील व दिव्याच्या ठिपक्याची छोटी रेघ झालेली असेल, तर हात हलला असे समजावे. मागची खुर्ची स्वच्छ परंतु भाषण करणाऱ्या वक्त्याचा हात पुसट असेल, तर वक्ता हलला. या दोन्ही प्रकारांत ऑटोफोकस संपूर्णपणे निर्दोष असतो. शटर पुरेसे वेगाने उघडून मिटलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. भिंगाची लांबी मिलिमीटरमध्ये जितकी, तितक्या भागाने सेकंद भागावा, म्हणजे ५० मिलिमीटरला एक साठांश आणि २०० मिलिमीटरला एक दोनशेअंश सेकंदापेक्षा शटर संथ नसावे, हा जुना ठोकताळा आजही कामाला येतो. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांत वेग त्याहून थोडा अधिक ठेवावा. भिंगातील कंपनरोधक सोय हाताचा थरकाप सावरते, वक्त्याच्या हाताची हालचाल मात्र सावरू शकत नाही. सभागृहातील अपुऱ्या प्रकाशात शटर एक पंधरांश सेकंदापर्यंत खाली आलेले असते आणि दोष मात्र फोकसला दिला जातो, हे दृश्य नेहमीचे आहे. छायाचित्र कोणत्या वेगाने घेतले गेले याची नोंद डिजिटल छायाचित्रासोबतच साठविलेली असते, ती पाहिली की वाद मिटतो.

तिसरा प्रकार खऱ्या फोकसच्या चुकीचा. त्यात वस्तू ओघळत नाहीत, तर लोण्यासारख्या मऊ होतात आणि दिव्याचे ठिपके वाटोळ्या चकत्यांसारखे पसरतात. सर्वांत महत्त्वाची खूण ही की, चित्रात दुसरे काहीतरी स्वच्छ असते. टेबलावरचा हार, ध्वनिक्षेपकाची जाळी, मागचा फळा. काय स्वच्छ आहे ते हुडकले की यंत्राने फोकस कोठे नेला ते कळते आणि निम्मे निदान झाले असे समजण्यास हरकत नाही.

येथे आणखी एका फसव्या तक्रारीचा उल्लेख केला पाहिजे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला असता सर्व धूसर दिसते, छायाचित्रे मात्र स्वच्छ निघतात. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक दातेरी चाक असते. पाहणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणे ते फिरवून घ्यायचे असते. चष्मा लावणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याने आपल्या सोयीसाठी ते फिरविले की पुढच्या व्यक्तीला कॅमेरा बिघडल्याचा भास होतो. आत दिसणारे आकडे किंवा फोकसचे चौकोन स्वच्छ दिसेपर्यंत हे चाक फिरवावे, तेवढे पुरे. अनेक हातांतून जाणाऱ्या कार्यालयीन कॅमेऱ्याच्या बाबतीत हा तपास सर्वप्रथम करणे शहाणपणाचे ठरते.

यंत्र अडते तेव्हा

बटण दाबूनही फोकस बसत नाही, भिंग हलतच नाही किंवा सारखे हलत राहते, अशा वेळी तपास साध्याकडून अवघडाकडे न्यावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. एकदम चार कळा फिरविल्या आणि फोकस बसला, तर चारांपैकी कोणत्या कळीने बसला ते कळत नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा चाचपडावे लागते.

भिंगाच्या बाजूला ऑटोफोकस व हाताचा फोकस यांमध्ये निवड करणारी एक छोटी कळ असते. पिशवीतून काढताना ती सहज सरकते. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत अशीच दुसरी कळ कॅमेऱ्यावरही असते आणि दोन्ही ऑटोफोकसवर असाव्या लागतात. मोठ्या दुर्भिंगांवर अंतराची मर्यादा घालणारी आणखी एक कळ असते. ती दूरच्या अंतरावर राहिली तर जवळच्या वस्तूवर फोकस होतच नाही. त्यानंतर अंतर पाहावे. प्रत्येक भिंगाला एक किमान अंतर असते व ते त्यावर छापलेले असते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या भिंगाला ते साधारणतः पंचवीस ते तीस सेंटिमीटर, तर ३०० मिलिमीटरपर्यंतच्या दुर्भिंगाला दीड मीटरच्या आसपास असते. हे अंतर पुढच्या काचेपासून नव्हे, कॅमेऱ्यातील संवेदकापासून मोजतात. शिक्षकांनी फुलाच्या परागाचे छायाचित्र घेण्यासाठी दुर्भिंग फुलाला जवळजवळ टेकवावे आणि यंत्राने नकार द्यावा, यात यंत्राचा अपराध नाही. दोन पावले मागे सरकावे.

बटण दाबण्याचीही रीत आहे. ते प्रथम अर्धे दाबावे, फोकस बसल्याची हिरवी खूण किंवा आवाज येऊ द्यावा आणि मगच पूर्ण दाबावे. एका दमात बटण ठोकणाऱ्यास फोकस मिळण्यापूर्वीच छायाचित्र मिळते. उलटपक्षी, अर्धे बटण दाबूनही यंत्र ढिम्म राहत असेल, तर फोकसचे काम पाठीमागच्या एएफ-ऑन बटणाकडे सोपविलेले नाही ना ते पाहावे. क्रीडास्पर्धांची छायाचित्रे घेणाऱ्यांना ही योजना प्रिय असते आणि कॅमेरा परत करताना ती पूर्ववत करण्याचे त्यांच्या ध्यानी राहत नाही. काही उमगेनासे झाले तर मेन्यूतील सर्व योजना मूळ स्थितीत आणण्याची सोय कॅमेऱ्यातच असते. ती वापरण्यात कमीपणा नाही.

भिंग व कॅमेरा यांचे संभाषण ज्या सोनेरी संपर्कबिंदूंतून चालते, त्यांवर घामट बोट लागले वा बुरा साचला तरी ऑटोफोकस बंद पडतो. कॅननच्या कॅमेऱ्यांवर अशा वेळी एरर ०१ असा संदेश येतो. कॅमेरा बंद करावा, भिंग काढावे, कोरड्या स्वच्छ मऊ फडक्याने बिंदू पुसावेत आणि भिंग खट असा आवाज येईपर्यंत फिरवून बसवावे. शिसपेन्सिलीच्या खोडरबराने बिंदू घासण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा आत पडतो, यास्तव तो टाळावा. बॅटरी उतरत आली असली तरीही भिंगाची मोटर मंदावते.

जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चढवताना वेगळीच अडचण उद्भवते. कॅननने १९८७ साली आणलेल्या ईओएस पद्धतीत मोटर प्रत्येक भिंगातच ठेवली. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस भिंगांत ती नसे. कॅमेऱ्यातील मोटर एका दांड्याने भिंग फिरवी. निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत अशी मोटर नाही. सबब या कॅमेऱ्यांवर ती जुनी भिंगे बसतात, छायाचित्रेही घेतात, परंतु फोकस हातानेच करावा लागतो. खरेदीच्या प्रस्तावावर स्वाक्षरी होण्यापूर्वी ही चौकशी झाली तर सार्वजनिक पैसा वाचतो.

फोकस भलतीकडे बसतो तेव्हा

सभासमारंभातील बहुतेक बिघडलेली छायाचित्रे या सदरात मोडतात. कॅमेऱ्यातील फोकसचे सर्व चौकोन एकाच वेळी कामाला लावले असतील, तर कोणता चौकोन वापरावा हे यंत्र ठरविते, आणि साधारणतः त्याचा कल सर्वांत जवळच्या व ठळक वस्तूकडे असतो. व्यासपीठावर अशी वस्तू म्हणजे ध्वनिक्षेपक, पुष्पगुच्छ किंवा पेटलेली समई. पाहुण्यांचा चेहरा मागे पडतो. उपाय असा की, मध्यातला एकच चौकोन निवडावा, तो चेहऱ्यावर, शक्य तर जवळच्या डोळ्यावर धरावा, बटण अर्धे दाबून फोकस बसवावा आणि बटण न सोडता चौकट हवी तशी जुळवून छायाचित्र घ्यावे. चेहरा ओळखणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांचाही येथे अधूनमधून गोंधळ उडतो. भिंतीवर लावलेल्या राष्ट्रपुरुषांच्या तसबिरीतील चेहरा त्यांना समोरच्या जिवंत चेहऱ्याइतकाच ग्राह्य वाटतो.

चौकट जुळविण्याची ही रीत एकाच स्थितीत फसते. फोकसच्या दोन पद्धती असतात. एकीत यंत्र एकदा फोकस साधून थांबते. दुसरीत, जिला कॅननच्या कॅमेऱ्यांत एआय सर्व्हो व निकॉनच्या कॅमेऱ्यांत एएफ-सी म्हणतात, ते वस्तूचा सतत पाठलाग करते. शिगम्याच्या रोमटामेळात नाचत पुढे येणाऱ्या पथकासाठी दुसरी पद्धत उत्तम. परंतु तीच पद्धत सत्कारसमारंभात चालू राहिली, तर चौकट सरकवताच चौकोन चेहऱ्यावरून निसटतो आणि यंत्र आज्ञाधारकपणे मागच्या भिंतीचा पाठलाग करते. रविवारी शिगमा व सोमवारी सत्कार, अशा कार्यक्रमांच्या रांगेत हे हमखास घडते.

पिंजरा, जाळी व फांद्या यांचा प्रश्न असाच आहे. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या आड बसलेल्या खंड्यावर यंत्र रोखले की फोकस पुढच्या डहाळीवर जातो, कारण डहाळीची कड अधिक ठळक असते. एकच लहान चौकोन, फांद्यांतील एखादी मोकळी जागा आणि थोडा धीर हे येथले उपाय होत. काही कॅमेऱ्यांतील कडेच्या चौकोनांना फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या रेषाच जाणवतात. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांवर असा चौकोन अडला तर कॅमेरा क्षणभर तिरका वा उभा धरून फोकस बसवावा.

अंधार आणि पाषाण

तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर काळ्या पाषाणाचे आहे आणि त्याच्या मंडपात दिवसाही प्रकाश बेताचाच असतो. तेथील कोरीव खांबासमोर अनेक कॅमेरे हतबल होतात. कड आहे, पण तिच्यावर पडलेला उजेड यंत्राला पुरत नाही. कॅमेऱ्यावरील साहाय्यक दिवा अशा वेळी आपोआप लागतो. मात्र भिंगावरील सावलीपट्टा त्याची वाट अडवू शकतो आणि पाठलागाच्या पद्धतीत तो बहुधा लागतच नाही. हातातील विजेरीचा झोत फोकसपुरता नक्षीवर टाकावा, फोकस बसल्यावर भिंगावरील कळ हाताच्या फोकसवर सरकवून विजेरी विझवावी आणि मग तिपाईवरून हवी तितकी छायाचित्रे घ्यावीत. कॅमेरा व खांब यांतील अंतर बदलत नाही तोवर फोकस तसाच राहतो.

सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळ येथील जांभ्या खडकावरील प्राचीन कोरीव चित्रांपुढे याच्या उलट अडचण येते. तेथे उघड्यावर उजेड विपुल आहे, परंतु माध्यान्हीच्या उन्हात उथळ रेषांना सावलीच उरत नाही आणि बैलाची आकृती व भोवतालचा खडक यंत्राला एकसारखे भासतात. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जावे. तिरप्या प्रकाशाने प्रत्येक रेषेला सावलीची कड मिळते, ती यंत्रालाही दिसते आणि छायाचित्र पाहणाऱ्यालाही. तरीही फोकस अडला तर लाइव्ह व्ह्यूमध्ये प्रतिमा पाचपट वा दहापट मोठी करून हाताने भिंग फिरवावे. पुसट शाईच्या जुन्या कागदपत्रांसाठीही हीच रीत सर्वांत खात्रीची. बोटांचे हे जुने कौशल्य आजही पुरेसे उपयोगी आहे आणि शाळेच्या छायाचित्रण मंडळात मुलांना ते आवर्जून शिकवावे.

नेमाने होणारी चूक

वरील सर्व तपास होऊनही, उजेड चांगला असताना, एकच चौकोन डोळ्यावर धरला असताना फोकस दर खेपेस कानावर किंवा दर खेपेस नाकाच्या टोकावर बसत असेल, तर मात्र यंत्राविषयी शंका घेण्यास जागा आहे. डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजणारा संवेदक निराळा असतो हे वर सांगितलेच आहे. भिंगापासून त्याच्यापर्यंतची प्रकाशाची वाट व छायाचित्राच्या संवेदकापर्यंतची वाट तंतोतंत सारखी असावी लागते. त्यांत केसभर अंतर पडले की यंत्र आपल्या हिशेबाने अचूक आणि छायाचित्राच्या हिशेबाने चुकीचे ठरते.

ही शंका घरच्या घरी तपासता येते. वर्तमानपत्राचे पान फळ्यावर सपाट चिकटवावे व त्याच्या बाजूला एक मोजपट्टी तिरकी, तिचा एक भाग पानाच्या पुढे व दुसरा मागे येईल अशी टेकवावी. कॅमेरा तिपाईवर, पानाच्या अगदी समोर ठेवावा. ५० मिलिमीटर भिंगासाठी दोन मीटर अंतर योग्य होय. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, म्हणजे स्पष्टतेचा पट्टा अरुंद होऊन चूक लपणार नाही, आणि हात लागू नये म्हणून टायमर लावावा. मधला चौकोन पानावर धरून व्ह्यूफाइंडरने पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकापूर्वी भिंग हाताने बरेच फिरवून फोकस मोडावा. त्यानंतर काहीही न हलविता तेवढीच छायाचित्रे लाइव्ह व्ह्यूने घ्यावीत. मोजपट्टीवर कोणता आकडा स्वच्छ आहे ते संगणकावर पाहावे. लाइव्ह व्ह्यूची छायाचित्रे अचूक आणि व्ह्यूफाइंडरची सर्व एकाच बाजूला चुकलेली असतील, तर वाटांत तफावत आहे. काही अलीकडे, काही पलीकडे अशी विखुरलेली असतील, तर भिंगाची मोटर किंवा उजेड यांकडे पाहावे. दोन्ही रीतींनी छायाचित्र मऊच येत असेल, तर दोष फोकसचा नसून भिंगाचा.

वाटांतील तफावत कॅननच्या मधल्या व वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत एएफ मायक्रोॲडजस्टमेंट आणि निकॉनच्या तशाच कॅमेऱ्यांत एएफ फाइन-ट्यून या सोयीने दूर करता येते. ही दुरुस्ती प्रत्येक भिंगासाठी वेगळी करावी लागते. सुरुवातीच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ती सोय बहुधा नसते. ते भिंगासह अधिकृत दुरुस्ती केंद्रात द्यावेत. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत फोकस छायाचित्राच्या संवेदकावरच मोजला जातो, त्यामुळे या जातीची चूक त्यांत जवळजवळ नाहीशी झाली आहे. कॅननने २०१३ साली ७०डी या आरशाच्याच कॅमेऱ्यात अशी मोजणी लाइव्ह व्ह्यूसाठी आणली होती.

भिंगापुढे लावलेल्या फिल्टरचाही येथे विचार करावा. परावर्तित चकाकी कमी करणारा पोलरायझर जुन्या, सरळ जातीचा असेल तर आरशाच्या कॅमेऱ्यातील फोकस-मोजणी चुकते. वर्तुळाकार जातीचाच घ्यावा. काढून पाहिल्यास शंकेचे निरसन होते.

पावसाळ्यातील दक्षता

कोकण व गोव्याच्या हवेत कॅमेऱ्याचा सर्वांत चिवट शत्रू म्हणजे दमटपणा. जून ते सप्टेंबर या काळात कपाटात, चामडी पेटीत बंद राहिलेल्या भिंगाच्या आतील काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तिने कडांचा ठळकपणा मंदावतो, आणि ज्या कडांवर ऑटोफोकस जगतो त्याच नाहीशा झाल्याने यंत्र चाचपडू लागते. विजेरी भिंगातून आरपार धरली असता बुरशी स्पष्ट दिसते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या व एक छोटे आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखावी. पुड्यांतील दाण्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा वापरता येतात. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये. तांदळाचे पीठ फटींत शिरते. वातानुकूलित कार्यालयातून कॅमेरा एकदम बाहेरच्या दमट हवेत काढल्यास काचेवर दव जमते आणि फोकस बसेनासा होतो. पिशवी न उघडता अर्धा तास बाहेर राहू द्यावी, दव आपोआप टळते.

समुद्रकिनाऱ्यावरील वाळूचा एखादा कण फोकसच्या कड्यात गेला, किंवा कॅमेरा पडल्यावर भिंग फिरताना कर्कश आवाज येऊ लागला, तर जोर लावू नये. कॅमेरा तत्काळ बंद करावा. दुरुस्तीस पाठविण्यापूर्वी शक्य असल्यास तेच भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर आणि दुसरे भिंग याच कॅमेऱ्यावर लावून पाहावे, म्हणजे दोघांपैकी कोणास पाठवावे ते ठरते. सोबतच्या पत्रात ऑटोफोकस बिघडला एवढेच न लिहिता कोणते भिंग, किती अंतर, कसा उजेड, कोणती पद्धत व कोणता चौकोन होता, चूक अलीकडे होते की पलीकडे आणि दहांपैकी किती खेपेस होते, हे लिहावे व संगणकावर काहीही फेरफार न केलेली तीन-चार छायाचित्रे जोडावीत. कॅमेऱ्याच्या पिशवीत एक लहान वही ठेवून प्रत्येक वापरानंतर बदललेल्या कळा व मेन्यूतील योजना तीत नोंदविल्यास, पुढील कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या तपासून पूर्ववत करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.